आभाळ गरजलं की आधी पोरांना घरात घ्या

धाराशिव जिल्ह्यातल्या आई-वडिलांना, आजी-आजोबांना, शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना, गावोगावच्या सरपंचांना ही कळकळीची विनंती आहे. सोयाबीनची काढणी तोंडावर आली आहे आणि परतीचा पाऊसही याच दिवसांत येतो. दुपारपर्यंत चटका देणारं ऊन, तिसऱ्या प्रहरी काळंभोर आभाळ आणि मग विजांचा कडकडाट. वीज म्हणजे काय आणि ती कडाडली की काय करायचं, हे घरातल्या प्रत्येक लहान मुलाला या आठवड्यातच सांगा. काढणी उरकल्यावर सांगून उपयोग नाही.

मोठ्यांच्या आधी मुलांना सांगा म्हणतो, त्याला कारण आहे. आभाळ आलं की आपण हाक त्यांनाच मारतो. मेनकापड आण, गंजी झाकू लाग, शेरडं सोडून आण. पोरगं पळत जातं, कारण सांगितलेलं काम टाकून आलं तर बोलणी बसतील, हे त्याला ठाऊक असतं. वीज कडाडते तेव्हा ते बांधावर एकटं असतं आणि काय करायचं हे त्याचं त्यालाच ठरवावं लागतं. म्हणून आधीच, शांतपणे, पुन्हा पुन्हा सांगून ठेवा: शेरडं राहू दे, गंजी भिजू दे, तू निघून ये, तुला कुणी रागावणार नाही. ही परवानगी आपण दिल्याशिवाय मूल ती स्वतःहून घेत नाही.

2025 च्या सप्टेंबरात भूम-परंड्याकडच्या मुलांनी सीनेचा पूर पाहिला, वेढ्यात अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरनं उचलताना पाहिलं. त्यातली कितीतरी लेकरं आता ढग दिसला तरी आईला बिलगत असतील. अशा मुलाला ‘गप बस’ म्हणून भीती जात नाही, समजावून सांगितल्यानं ती कमी होते. आणि सहा-सात वर्षांच्या मुलाला हे सगळं नीट समजतं.

त्याला सांगा, उन्हानं जमीन तापते, तिच्यावरची हवा तापते, ओलसर गरम हवा वर चढते आणि वर गार होऊन तिचा ढग होतो. गडगडाटी ढग दहा-बारा किलोमीटर उंच वाढतो. त्याच्या वरच्या भागात इतकी थंडी असते की तिथे बर्फाचे कण आणि बारीक गारा एकमेकांवर आपटत राहतात. कोरड्या केसांतून कंगवा फिरवून कागदाच्या कपट्यांजवळ धरला की कपटे चिकटतात ना? तसाच विद्युतभार त्या आपटण्यातून ढगात साठतो. साठता साठता मावेनासा झाला की एका ठिणगीतून जमिनीकडे झेपावतो. ती ठिणगी म्हणजे वीज. तिच्या वाटेतली हवा क्षणात सुमारे 30 हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते, धक्क्यानं फुगते आणि त्याचाच आवाज आपल्याला गडगडाट म्हणून ऐकू येतो. कंगव्याचा प्रयोग मुलाच्या हातानं करून घ्या, म्हणजे तो विसरणार नाही.

मग त्याला मोजायला शिकवा. लख्ख उजेड दिसला की एक, दोन, तीन मोजायचं. उजेड लगेच पोचतो, आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि पुढची आपल्या वावरातही पडू शकते. पाऊस सुरू नसला तरी पडू शकते. खरं तर गडगडाट कानावर आला एवढंच घरात शिरायला पुरेसं आहे. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पाऊस उघडला म्हणून लगेच निघणं घातक ठरतं.

घरातला एक समज मात्र मुलासमोरच खोडून काढा. वीज पायाळू माणसावर पडते, असं आपल्याकडे अजून बोललं जातं. त्यामुळे पायाळू लेकरू आयुष्यभर धसका घेतं आणि बाकीचे बेफिकीर राहतात. कोण कसा जन्मला हे विजेला कळत नाही. ती बहुधा उंच वस्तू गाठते. माळावरचं एकटं झाड, खांब, मोकळ्या रानात उभा माणूस. चिंच-लिंबाखाली थांबणं म्हणूनच जिवावरचं आहे. झाडावर पडलेली वीज खोडाजवळच्या माणसावर उडी घेते आणि जमिनीतून चहूकडे पसरते. जनावरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून झाडाखाली बांधलेली गुरं एकाच वेळी दगावतात.

आसरा पक्क्या, बंद घराचा किंवा काचा लावलेल्या जीपचा घ्यायचा. उघडं पत्र्याचं शेड, ट्रॅक्टर, विहिरीचा काठ यांचा भरवसा धरू नका. मोटारीच्या स्टार्टरला हात लावू नका, चार्जिंगला लावलेला फोन वापरू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आपल्या आसपास कुठे वीज पडते आहे ते दाखवतं. घरातल्या एका तरी फोनमध्ये ते आजच घ्या.

सरपंचांनो, काढणीच्या महिनाभर शाळेची एक खोली किंवा समाजमंदिर रानातून येणाऱ्यांसाठी उघडं ठेवा आणि किल्ली जवळ राहणाऱ्याकडे द्या. शेतमालकांनो, गडगडाट झाला की मजुरांचं काम थांबवा आणि त्या वेळेचा रोज कापू नका. त्यांची लेकरं बांधावरच असतात. कोजागरीला सोलापूरकडून तुळजापूरला पायी येणाऱ्या भाविकांबरोबरही लहान मुलं असतात. रस्त्याकाठच्या गावांनी ढग गरजताच त्यांना आपल्या घरात बोलवावं.

एवढं करूनही कुणावर वीज पडलीच, तर त्याला हात लावायला भिऊ नका. त्याच्या अंगात करंट उरलेला नसतो. हृदय बंद पडलेला माणूस लगेच मदत मिळाली तर वाचू शकतो. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोरात, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबत राहा. लहान मुलाला एकाच हातानं दाबा. दुसऱ्या कुणाला 108 वर फोन लावायला सांगा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत दाबणं थांबवू नका.