दाराबाहेरची माणसेही दाखवा

ऑस्ट्रियातल्या आमस्टेटेन गावात योसेफ फ्रिट्झल नावाच्या माणसाने १९८४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या अठरा वर्षांच्या मुलीला घराच्या तळघरात कोंडले. ती बाहेर आली २००८ च्या एप्रिलमध्ये. चोवीस वर्षांत बापाच्या अत्याचारातून तिला सात मुले झाली, त्यातले एक जन्मल्यावर लगेच दगावले. या घटनेवर बेतलेला ‘गर्ल इन द बेसमेंट’ हा २०२१ चा अमेरिकी टीव्हीपट माझ्या सुनेने मोबाइलवर लावला होता. तिच्याजवळ बसून मीही तो शेवटपर्यंत पाहिला. कथा बाप आणि मुलगी यांच्याभोवती फिरते. मी मात्र तेव्हापासून त्या खऱ्या घराच्या वरच्या मजल्यांचा विचार करते आहे.

वरच्या मजल्यांवर भाडेकरू राहत होते. मुलगी कुठल्याशा पंथात पळून गेली, असे बापाने सगळ्यांना सांगितले आणि ते खरे मानले गेले. तळघरात जन्मलेली तीन मुले त्याने वर आणली. मुलीने ती दारात सोडून दिली, असे सांगून सरकारी परवानगीने वाढवली. समाजकल्याण खात्याची माणसे त्या घरी येऊन पाहणी करून गेली. घर स्वच्छ, मुले शाळेत जाणारी, आजोबा कर्तबगार. खाली काय आहे, हे कुणी विचारले नाही. शेवटी तळघरातली मोठी मुलगी बेशुद्ध झाली, तिला दवाखान्यात न्यावे लागले आणि डॉक्टरांनी तिच्या आईने पुढे यावे असा आग्रह धरला, तेव्हा कुठे हे बिंग फुटले.

मी भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरमध्ये अंगणवाडी सेविका होते. घरोघरी जाऊन माणसे मोजणे हेच माझे काम. घरात किती जण, सहा वर्षांखालची बालके किती, गरोदर कोण, स्तनदा कोण, किशोरवयीन मुली किती. नोंदवहीत एकेक नाव घालायचे. या कामात एक गोष्ट लवकर कळते. सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, बसून चहा घेतला, तर घरचे सांगतील तेवढीच माणसे दिसतात. मागच्या अंगणापर्यंत, सांदवाडीपर्यंत गेले की दोरीवर वाळणारे कपडे दिसतात, आणि ते कधी कधी सांगितलेल्या माणसांपेक्षा जास्त असतात.

असे मी एका घरी पाहिले आहे. पाच माणसे सांगितली होती, सहावी मागच्या खोलीत होती. तरणी मुलगी, डोके ठिकाणावर नाही म्हणून कडी लावून ठेवलेली. आईने माझा हात धरला आणि म्हणाली, ‘‘लोकं का म्हनतीन बाई? लहानीचं लगन अजून व्हाचं हाये.’’ ती आई राक्षस नव्हती. रोज दोन वेळा ताट भरून देत होती आणि रात्री रडत होती. मुलीला आजार आहे, त्यावर औषध आहे, हे तिला कुणीच सांगितले नव्हते. देवऋषी मात्र सगळ्यांनी सांगितले होते. पुढे ती मुलगी उपजिल्हा रुग्णालयात आली आणि तिथून नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात तिचे उपचार सुरू झाले. ती माझ्या नोंदवहीत आली याचे मला आजही मोल वाटते. पण तिची हाक तिच्या शेजारच्या घरांना माझ्या कितीतरी आधीपासून ऐकू येत होती.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. घरातल्या कैदेवर मालिका करणाऱ्यांनी कॅमेरा बापाच्या डोळ्यांवरून आणि मुलीच्या जखमांवरून काढावा आणि शेजारच्या ओसरीवर लावावा. कुलूप घरातला माणूस लावतो. ते वर्षानुवर्षे टिकते ते ‘त्यांच्या घरचा मामला आहे’ म्हणणाऱ्या आपल्यासारख्या चांगल्या माणसांमुळे.

आपल्याकडची उदाहरणे पाहा. गोव्यात कांदोळीला जुलै २०१७ मध्ये पोलिसांनी एका घरातून पन्नाशीच्या आसपासच्या बाईला सोडवले. तिला जवळपास वीस वर्षे एका अंधाऱ्या खोलीत ठेवले होते आणि जेवण खिडकीतून दिले जात होते. लग्न मोडून माहेरी आली, वागणे बदलले, म्हणून घरच्यांनी कोंडले. त्याच घरात भावांचे संसार सुरू होते. कांदोळी हे काही रानातले खेडे नाही, तिथे जगभरचे पर्यटक येतात. ‘बायलांचो साद’ या संस्थेला कुणीतरी ई-मेल केला आणि दार उघडले. वीस वर्षांत एक पत्र!

दुसरे उदाहरण आमच्या नागपूरचे. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस बेसा भागातल्या एका बंद घरातून घरकामासाठी ठेवलेली लहान मुलगी सुटली. मालक कुटुंब तिला आत कोंडून परगावी गेले होते आणि तिच्या अंगावर चटक्यांचे डाग होते. वीजबिल थकले म्हणून कर्मचारी जोडणी तोडायला आले, तेव्हा ती दिसली. बिल वेळेवर भरले असते तर? या प्रश्नावर एक अख्खी मालिका उभी राहू शकते, कारण त्याचे उत्तर प्रत्येक वसाहतीत दडलेले आहे.

गप्प बसण्याची किंमत आम्हा भंडारा जिल्ह्यातल्या लोकांना कुणी समजावून सांगायला नको. मोहाडी तालुक्यातले खैरलांजी आमच्यापासून दूर नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी तिथे भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. तो गुन्हा वेगळा, जातीच्या द्वेषाचा. पण भर वस्तीत घडलेल्या गोष्टीबद्दल माणसे कशी मिटून बसतात, हे या जिल्ह्याने तेव्हा पाहिले.

आता आपल्या वाहिन्या काय दाखवतात? वाई-धोमचे २०१६ मध्ये उघड झालेले हत्याकांड डोळ्यांसमोर ठेवून २०२० मध्ये ‘देवमाणूस’ ही मालिका आली. घराघरात चर्चा झाली ती तिच्यातल्या खुनी डॉक्टरच्या हसण्याची, बोलण्याची, त्याच्या पुढच्या डावाची. बळी पडलेल्या बायकांची नावे कुणाच्या लक्षात राहिली? ‘क्राइम पेट्रोल’ने निदान शेवटी सावध राहा असे बजावण्याची रीत घालून दिली. पण गुन्हेगार विक्राळ दाखवला की पाहणारा निर्धास्त होतो. असा माणूस आपल्या गल्लीत नाही, असे म्हणून तो झोपी जातो. मला भीती वाटते ती या निर्धास्तपणाची.

खलनायकाशिवाय कोण पाहणार, असे निर्माते म्हणतील. त्यांनी दिवाळीनंतर आमच्या भागातल्या मंडईच्या जत्रेला यावे. झाडीपट्टीचे नाटक रात्रभर चालते. हुंडा, दारू, शेतीची वाटणी, सासू-सून असे घरातलेच विषय असतात आणि बाया लेकरे मांडीवर घेऊन पहाटेपर्यंत बसतात. आपलेच घर रंगमंचावर दिसले की प्रेक्षक उठत नाही.

मालिकेत दाखवायला कायदाही भरपूर आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मनोरुग्णाला साखळीने बांधायला मनाई आहे. त्याच कायद्याच्या कलम १०१ नुसार अशा माणसाचे हाल होत आहेत असे वाटले, तर ते पोलिसांना कळवणे हे कुणाचेही कर्तव्य आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही खबर देऊ शकतो आणि चांगल्या हेतूने खबर देणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. भारतीय न्याय संहितेत दहा किंवा अधिक दिवस कुणाला बेकायदा कोंडले, तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे. कोंडलेल्या माणसाच्या शोधासाठी दंडाधिकारी झडतीचे वॉरंट काढू शकतात. शेजारच्या काकूने घाबरत घाबरत ११२ फिरवला, मुलांसाठी १०९८, बायकांसाठी १८१ फिरवला, असा एक प्रसंग नीट रंगवला, तर तो आमच्या कितीतरी जनजागृती मेळाव्यांच्या तोडीचा ठरेल.

आणखी एक मागणी, तितकीच कळकळीची. सुटलेल्या माणसाला पुन्हा पकडू नका. आमस्टेटेनच्या त्या आईला आणि मुलांना नवी नावे घेऊन दुसरीकडे राहावे लागले. आपल्याकडे लैंगिक अत्याचारात पीडितेचे नाव छापायला बंदी आहे, म्हणून मालिकावाले नाव बदलतात आणि आपले काम झाले असे समजतात. तुमसरसारख्या गावात नाव बदलून काय साधते? बापाचा धंदा, राइस मिलजवळची गल्ली, बहिणींची संख्या सांगितली की बाजारात माणसे बोट दाखवतात. त्या मुलीला त्याच बाजारातून भाजी आणायची असते. तिची संमती घेतल्याशिवाय तिच्या आयुष्यावर एकही भाग होऊ नये, आणि झालाच तर त्याच्या कमाईतला वाटा तिच्या शिक्षणाला, उपचाराला जावा.

प्रेक्षक म्हणून आपलेही एक काम आहे. अशी मालिका संपली की गुन्हेगाराला शिव्या देऊन टीव्ही बंद करू नका. आपल्या गल्लीतली कोणती मुलगी शाळेतून काढल्यावर पुन्हा दिसली नाही, कोणती सून माहेरी गेली म्हणतात पण तिच्या माहेरच्यांना ती भेटलेली नाही, कोणाच्या मागच्या खोलीला दिवसाही कडी असते, हे आठवा. मग त्या घरी जा. हळद-कुंकवाचे निमित्त करा, साखर मागा, पण जा आणि नाव घेऊन विचारा की ती कशी आहे. उत्तर पटले नाही तर अंगणवाडीच्या बाईला सांगा, आशाताईला सांगा, नाहीतर थेट ११२ लावा. तुमचा संशय खोटा ठरला, तर चार दिवस अबोला होईल. तो खरा ठरला, तर एका माणसाची वीस वर्षे वाचतील.