ट्रॉली मोडत नाही, चाक मोडतं… आणि नाव तुमचं जातं!



अहिल्यानगरच्या नागापूर एमआयडीसीत वेल्डिंगचं छोटं वर्कशॉप टाकलेल्या एका पोराला पहिली चांगली ऑर्डर मिळाली. संगमनेर भागातल्या एका डेअरीसाठी दुधाचे कॅन वाहायच्या दहा ट्रॉल्या. वेल्डिंग एक नंबर, पेंट झकास. पण तीन महिन्यांत निम्म्या ट्रॉल्या परत आल्या. फ्रेमला काहीच झालं नव्हतं, चाकं गेली होती. पुढची ऑर्डर दुसऱ्याला मिळाली.

माझं स्पष्ट मत सांगतो. चूक चाकाची नव्हती, निवडीची होती. फ्रेमसाठी आपण पाइपची जाडी मोजून घेतो आणि चाक मात्र "चार इंची द्या, स्वस्तातलं" म्हणून उचलतो.

आधी वजनाचा हिशेब करू. 40 लिटरच्या कॅनमध्ये नुसतं दूधच साधारण 41 किलो. कॅनसकट 50 धरा. सहा कॅनचे 300, ट्रॉलीचे 45, झाले 345 किलो. आपल्या पोराने याला चारने भागलं, 86 आले, म्हणून 100 किलोचं चाक घेतलं. पण डेअरीची फरशी सपाट असते का हो? उतार असतो, मध्ये पाण्याची नाली असते. एक चाक अधांतरी झालं की भार उरलेल्या तिघांवर येतो. म्हणून तीनने भागा: 115 किलो. वर नालीच्या दणक्यासाठी थोडी जागा ठेवा आणि 150 किलोचं चाक घ्या.

आता जागा बघा. डेअरीत रोज धुणं असतं. पाण्याच्या जोरात उघड्या बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं, गंज चढतो, चाक जाम होतं. सांडलेलं दूध आंबतं आणि लोखंड खातं. तिथे स्टेनलेस स्टीलचा फोर्क आणि सीलबंद बेअरिंगच हवं.

चाकाचं मटेरियलही जागेप्रमाणे बदलतं. रबर आवाज करत नाही, पण साधं रबर तेलात खराब होतं आणि लेथजवळ त्यात लोखंडाच्या चिप्स रुततात. नायलॉन वजन पेलतं, ढकलायला हलकं जातं, पण खडखडतं आणि टाइल्स खराब करतं. पीयू या दोघांच्या मधलं; मात्र काही प्रकारचं पीयू गरम पाण्यात आणि वाफेत टिकत नाही, वरचा थर सुटतो. दुकानदाराला गरम पाण्याचं आधीच सांगा.

आकाराचंही तसंच. चाक जितकं मोठं, तितकी ते फट किंवा नाली सहज ओलांडतं. आणि एक लक्षात ठेवा: साध्या कास्टरची क्षमता माणसाच्या चालण्याच्या वेगाला, म्हणजे ताशी 4 किलोमीटरच्या आसपास, धरलेली असते. गिऱ्हाईक ट्रॉली मोटारसायकलला बांधून ओढणार असेल, तर ते चाक टिकणार नाही.

तुम्ही म्हणाल, "सर, चांगलं चाक लावलं तर रेट वाढतो, ऑर्डर हातची जाते." मान्य आहे. मग कोटेशनमध्ये दोन रेट द्या आणि प्रत्येकापुढे लिहा: किती किलोसाठी, कोणत्या फरशीसाठी. गिऱ्हाईकाने स्वस्त निवडलं तर निदान ते समजून निवडेल. न सांगता स्वस्त चाक लावणं याला मी काटकसर म्हणत नाही. भरलेली ट्रॉली अडकते तेव्हा कामगाराची कंबर जाते आणि तुमचा फोन लागणं बंद होतं.

पुढच्या ऑर्डरआधी तीनच प्रश्न विचारा: वजन किती? फरशी कशी? धुता कशाने? उत्तरं वहीत लिहा, मगच दुकानात जा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. कामाला लागा!