कारवीला पुढचा पावसाळा गाठू द्या

कारवी फुलली की सह्याद्रीकडे गाड्यांची रीघ लागते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ मध्ये फुलली, पुन्हा २०२४ मध्ये. आठ वर्षांतून एकदा येणाऱ्या या निळ्या-जांभळ्या बहराचं कौतुक रास्तच आहे. पण आपली सगळी काळजी त्या बहरापुरतीच असते, आणि चुकतं ते इथेच. फुलं तोडू नका, झुडपांत शिरू नका, हे सांगायलाच हवं. मात्र कारवीचा खरा नाजूक काळ फुलं गळाल्यावर सुरू होतो. एकदा फुलली की ती मरते. खरखरीत पानं झडतात, काठ्या वाळतात, उतार ओसाड दिसू लागतो. बी मात्र वाळलेल्या बोंडांत तसंच असतं. पुढच्या पावसाचं पाणी लागलं की ती बोंडं तडतडून फुटतात, बी उडतं आणि नवी पिढी रुजते. म्हणजे हिवाळा आणि अख्खा उन्हाळा उताराचं भवितव्य त्या वाळक्या काड्यांवर टांगलेलं असतं. नेमके हेच आपल्याकडचे वणव्यांचे महिने. चांगलं गवत यावं म्हणून लावलेली किंवा कुणाच्या विडीतून पडलेली आग त्या वर्षी कारवीत शिरली, तर एका पिढीचं सगळं बियाणं जळतं.

कारवी काही दुर्मीळ नाही, मग एवढी चिंता कशाला, असं कुणी म्हणेल. ती मुबलक आहे हे खरं, पण एका उतारावरची बहुतेक झुडपं एकाच वयाची असतात. मागे राखीव असं फारसं काही उरत नाही. शिवाय मुसळधार पावसात तीव्र उतारावरची माती धरून ठेवण्यात या दाट झुडपांचा मोठा वाटा असतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: घराच्या कुडासाठी डोंगरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या कारवी तोडत आली, त्यांच्यावर बंदी घालायची का? मुळीच नाही. बी पडून गेल्यावर मेलेल्या काठ्या नेल्याने काही बिघडत नाही. प्रश्न फक्त त्या एका उन्हाळ्याचा आहे, आणि तो गावाला विश्वासात घेऊनच सोडवावा लागेल. उद्यानातला पुढचा बहर २०३२ मध्ये अपेक्षित आहे. त्यासाठी पार्किंगचा आराखडा होईलच. त्याच आराखड्यात २०३३ च्या पावसापर्यंतच्या जाळरेषा, गस्त आणि स्थानिक राखणदारांची मजुरीही धरली पाहिजे.