शिकलेल्या हातांना अडाणी ठरवू नका

संगणकातला एखादा बदल पटला नाही असं कुणी म्हटलं, की ठरलेलं उत्तर मिळतं: ‘लोकांना बदल नकोच असतो.’ मला हे उत्तर उर्मट वाटतं, आणि खोटंही. टाइपरायटरवरून संगणकावर, डॉसवरून विंडोजवर हेच लोक आले होते. फायदा दिसला म्हणून आले. त्यांची तक्रार बदलाविषयी नाही, न विचारता केलेल्या मोडतोडीविषयी आहे.

ऑफिस २००७ चं उदाहरण घ्या. वर्ड आणि एक्सेलमधले फाइल, एडिट, व्ह्यू हे जुने मेनू मायक्रोसॉफ्टने काढले आणि तिथे रिबन बसवली. जुने मेनू परत आणण्याची सोय दिली नाही. कंपनीचं कारण अगदीच पोकळ नव्हतं. लोक ज्या सोयी मागत होते, त्यातल्या बऱ्याच आधीपासून होत्या, फक्त सापडत नव्हत्या. कबूल. पण ज्याला सापडत नव्हतं त्याच्यासाठी, ज्याला डोळे मिटून सापडत होतं त्याला वाट चुकवायची? गंमत म्हणजे कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही जागेवरच राहिले. म्हणजे सवयीची किंमत कंपनीला ठाऊक होती. कीबोर्डवाल्यांची सवय राखली, माउसवाल्यांची मोडली.

आपल्याकडे याचा फटका कुणाला बसतो? एमएस-सीआयटीच्या वर्गात वहीत पायऱ्या उतरवून शिकलेल्या कारकुनाला, झेरॉक्सच्या दुकानात अर्ज टाइप करून देणाऱ्याला, मशिदीच्या ट्रस्टचा जमाखर्च एक्सेलमध्ये ठेवणाऱ्या चाचांना. यांतले अनेकजण इंग्रजी वाचून वाट काढत नाहीत. त्यांना जागा पाठ असते. जागा हलली की वर्षांची कमाई गेली. काल दुसऱ्यांना शिकवणारा माणूस आज पोरासोरांना ‘बेटा, जरा बघ’ म्हणतो. प्रश्न चार मिनिटांचा नाही, इज्जतीचा आहे.

तक्रार करणारे चुकीचे होते का? विंडोज ८ ने २०१२ मध्ये स्टार्ट बटण काढलं. ओरड झाली. २०१३ मध्ये ८.१ मध्ये बटण परत आलं, २०१५ मध्ये विंडोज १० मध्ये मेनूही आला. जीनोमने २०११ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत मांडणी पालटली, तेव्हा नाराज लोकांनी जुनी मांडणी जपणारं ‘माटे’ उभं केलं. तिथला कोड खुला होता म्हणून ते जमलं. पैसे मोजून सॉफ्टवेअर घेणाऱ्याला मात्र ही वाट बंद!

क्वर्टी कीबोर्ड १८७० च्या दशकातला आहे. त्याहून बऱ्या म्हणवणाऱ्या मांडण्या आल्या, पण कुणी रातोरात आपल्या बटणांवरची अक्षरं हलवली नाहीत. पडद्याला हाच न्याय का नाही?

माझी मागणी साधी आहे. नवं जरूर आणा, पण जुनी वाट काही वर्षं उघडी ठेवा. सुरक्षेच्या दुरुस्त्या आणि मांडणीतले बदल एकाच पुडीत बांधू नका. सॉफ्टवेअर तुमचं असेल. ते वापरण्याचं कसब आमच्या मेहनतीचं आहे. ते पुसण्याआधी निदान विचारा तरी!