‘आज खेळूं नकोस’ असें कोणी म्हणावें?

आमच्या वार्षिकांत क्रीडांगणाचा वृत्तांत दरवर्षीं येतो. किती सामने जिंकले, अंतिम फेरी कोणी गांठली, करंडक कोणाच्या हातीं आला, हें त्यांत असतें, आणि तें असावें. परंतु मोसमाच्या आरंभीं संघांत असलेलीं किती मुलें मोसमाच्या अखेरीस धडपणें चालत होतीं, हें त्यांत कधीं नसतें. फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या शरीराची काळजी वाहणारा एक स्वतंत्र, शिकलेला मनुष्य शाळेस असावा. आणि ‘आज खेळूं नकोस’ हा त्याचा शब्द प्रशिक्षकाच्या व पालकांच्या शब्दाहून वरचा मानला जावा, असें आमचें मत आहे. यांतील पहिला भाग बहुतेकांस रुचेल. दुसरा रुचणार नाहीं, म्हणून लिहिणें अगत्याचें झालें.

अशा मनुष्यास लोक फिजिओथेरपिस्ट म्हणतात. आम्ही येथें त्यास उपचारक म्हणूं. त्याची विद्या आपल्याकडे अगदींच परकी नाहीं. कोल्हापुरांतील नामांकित फुटबॉल संघ आजही पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम अशीं तालमींचींच नांवें मिरवितात. आणि तालमींत वस्तादाचा हात शागिर्दाच्या अंगावरून फिरतो तो केवळ तेल जिरविण्यासाठीं नव्हे, कोणता स्नायु आखडला आहे हें त्या हातास कळतें. रीतसर शिक्षण म्हणून ही विद्या या देशांत रुजली ती मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत, 1950 नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत, पोलिओनें लुळ्या झालेल्या मुलांस पुन्हां उभें करण्याच्या गरजेंतून. ज्या विद्येनें न चालणाऱ्या मुलांस चालविलें, तीच आतां धांवणाऱ्या मुलांस वेळेवर थांबविण्याच्या कामीं यावी.

थांबविण्याच्या, असें आम्हीं मुद्दाम म्हटलें. उपचारक म्हणजे पट्टी बांधून मुलास मध्यंतरानंतर पुन्हां मैदानांत सोडणारा मनुष्य, अशी सार्वत्रिक समजूत आहे. घोटा मुरगळला कीं आमच्या घरांतून पहिला उपाय चोळण्याचा होतो, दुसरा शेकण्याचा. पहिल्या दोन-तीन दिवसांत हे दोन्ही टाळावेत, कारण त्यांनीं सूज वाढूं शकते. आजीचा हळदीचा लेप त्या मानानें निरुपद्रवी. त्यास आमची हरकत नाहीं. मूल दुखऱ्या पायावर भार देऊन चार पावलेंही टाकूं शकत नसेल, किंवा घोट्याच्या हाडावर दाबतांच कळवळत असेल, तर हाडवैद्याकडे न जातां डॉक्टरांस दाखवून क्ष-किरण चित्र काढून घ्यावें. डोक्यास मार लागून मूल भांबावलें, तर त्या दिवशीं तें पुन्हां खेळणार नाहीं, मग सामना कोणताही असो. बर्फाविषयीं मात्र जाणत्यांचेंच मत हललें आहे. अमेरिकेंतील डॉ. गेब मर्किन यांनीं 1978 सालीं विश्रांति, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणें अशी चतुःसूत्री सांगितली, व ती जगभर शाळाशाळांतून पाठ झाली. पुढें सुमारें पस्तीस वर्षांनीं त्यांनींच लिहिलें कीं, बर्फ आणि संपूर्ण विश्रांति यांनीं बरें होण्यास उलट विलंब लागूं शकतो. पाठ केलेल्या सूत्रावर आम्हां शिक्षकांनीं किंवा ड्रिल मास्तरांनीं भागवून नेणें बरें नव्हे, तें याचसाठीं.

याहून अवघड गोष्ट आहे ती न पडतां, न ठेचाळतां होणाऱ्या दुखण्याची. साधारण 10 ते 15 वर्षांच्या वयांत हाडें झपाट्यानें वाढतात; स्नायु व त्यांच्या दोऱ्या त्या वेगानें लांबत नाहींत. दोरी जेथें हाडास चिकटते ती जागा मुलांत अद्याप कूर्चेची, म्हणजे मऊ असते, आणि दर धांवेस, दर फटक्यास ती ओढली जाते. गुडघ्याच्या वाटीखालीं जो दुखरा उंचवटा येतो त्याचें वर्णन बोस्टनचे ऑस्गुड आणि झुरिकचे श्लाटर या डॉक्टरांनीं 1903 सालीं केलें; टाचेच्या तशाच दुखण्याचें सीव्हर यांनीं 1912 सालीं. एवढ्या जुन्या दुखण्यास मैदानावर अजून ‘नाटक’ हेंच नांव आहे. वाढ पुरी झाली म्हणजे तें बहुधा आपोआप जातें. तोंवर खेळ मोजून द्यावा लागतो. मोजणार कोण? टेंभी नाक्याच्या आसपासचा मुलगा शाळेच्या संघांत खेळतो, सायंकाळीं अकादमींत जातो, आणि सुटीच्या आदल्या रात्रीं मित्रांनीं वर्गणी काढून भाड्यानें घेतलेल्या टर्फवर पुन्हां खेळतो. प्रत्येक ठिकाणचे लोक आपापला तास मोजतात. बेरीज कोणीच करीत नाहीं. आठवड्यांतील नियोजित खेळाचे तास मुलाच्या वयाच्या वर्षांहून अधिक झाले कीं गंभीर दुखापतीचा धोका वाढतो, असें अमेरिकेंतील एका अभ्यासांत आढळलें आहे. ही बेरीज मातापितरांस भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरही करितां येईल.

परंतु मूल खरें सांगेल काय? येथेंच सारी गोम आहे. शालान्त परीक्षेंत क्रीडागुण मिळावयाचे तर ठरलेल्या स्पर्धा खेळाव्या लागतात. 1960 पासून चाललेल्या सुब्रतो करंडकाच्या सामन्यांत खेळण्याचें स्वप्न प्रत्येक चांगल्या खेळाडूचें असतें, आणि ती वयाची मर्यादा एकदां उलटली कीं पुन्हां येत नाहीं. बाबांनीं नवे बूट घेतलेले असतात. अशा वेळीं दुखतें असें म्हणणारा मुलगा संघाचा द्रोही ठरतो, म्हणून तो म्हणतच नाहीं. आम्हां वर्गशिक्षकांस मात्र तें प्रशिक्षकाच्याही आधीं दिसतें. मैदानावर सरळ धांवणारा मुलगा मधल्या सुटींत जिना उतरतांना कठडा धरून एकेक पायरी उतरतो. वेदना लपविणें हें शौर्य होय, ही शिकवण त्यास आम्हीं सर्वांनींच टाळ्या वाजवून दिलेली आहे. शरीर हें पवित्र आत्म्याचें मंदिर होय असें मानणाऱ्या शाळेंत तरी ती चालूं नये.

यावर ज्येष्ठ पालक म्हणतात, आमच्या वेळीं कोठें होता उपचारक? 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्यें तर आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले! खरें आहे, फ्रान्सशीं ते 2-1 असे थोडक्यांत हरले. पण त्याच संघाचे नायक तालिमेरेन आओ हे कोण होते, हेंही पाहावें. नागा टेकड्यांतील एका ख्रिस्ती पाळकाचे ते पुत्र, कलकत्त्याच्या वैद्यकीय विद्यालयाचे विद्यार्थी. पुढें त्यांनीं खेळ बाजूस ठेवून नागालँडांत आयुष्यभर रुग्णसेवा केली. त्या अनवाणी संघाचें नेतृत्व भावी डॉक्टराकडे होतें! शिवाय जे टिकले तेच आम्हांस आठवतात. ज्यांचा गुडघा पंधराव्या वर्षीं गेला, त्यांचे फोटो शाळेच्या भिंतीवर लागलेले नाहींत.

उपचारकाचें दुसरें काम दुखापतीपूर्वींचें आहे. फिफाच्या वैद्यकीय मंडळींनीं 2006 च्या सुमारास सिद्ध केलेली वीस मिनिटांची पूर्वतयारी आहे. धांवणें, तोल सांभाळणें, उडी मारून गुडघा आंत न झुकवितां उतरणें, मांडीचे मागचे स्नायु बळकट करणें, इतकेंच तिचें स्वरूप. नॉर्वेंतील 13 ते 17 वर्षांच्या सुमारें 1,900 मुलींवर तिची कसोटी घेतली, तिचा निष्कर्ष 2008 सालीं प्रसिद्ध झाला. तयारी करणाऱ्या मुलींत एकंदर दुखापती सुमारें एक तृतीयांशानें कमी, आणि अतिश्रमाच्या तर निम्म्याहून कमी आढळल्या. तिला यंत्र लागत नाहीं, पैसा लागत नाहीं. मात्र शेजारीं उभें राहून गुडघा कोठें झुकतो हें पाहणारा डोळा लागतो. मुलींचा उल्लेख आला म्हणून सांगतों, मुलींच्या संघाच्या वाट्यास असा डोळा सर्वांत शेवटीं येतो.

खर्चाचा प्रश्न उरतो. दाखल्यांतील शोमरोन्यानें जखमी मनुष्याच्या घायांवर तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, हें आमच्या मुलांस पाठ असतें. दुसऱ्या दिवशीं निघतांना त्यानें उतारशाळेच्या रक्षकास पुढील शुश्रूषेसाठीं दोन दीनार दिले, तें बहुधा विसरतात. आमचें साह्य मैदानाच्या कडेलाच संपतें. पुढील सहा आठवडे त्या मुलाचें काय झालें, हें कोणी विचारीत नाहीं. ठाण्याच्या या जुन्या भागांत शाळा एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर आहेत. चार शाळांनीं मिळून एक उपचारक नेमला, आणि प्रत्येक शाळेस आठवड्यांतून एक दिवस व सामन्याचा दिवस मिळाला, तरी पुष्कळ झालें.

त्याची नेमणूक प्रशिक्षकाच्या हाताखालीं मात्र नसावी. त्यानें थेट मुख्याध्यापकांस उत्तर द्यावें. दुखापतीनंतर संघांत परतणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातीं त्याच्या सहीची चिठ्ठी असावी, आणि ती नसेल तर अंतिम सामन्याच्या दिवशींही मुलगा बाहेर बसावा. त्या दिवशीं ज्या पालकांस राग येईल त्यांनीं तो घेऊन खुशाल शाळेंत यावें. पण आम्हां शिक्षकांकडे यावें, उपचारकाकडे जाऊं नये.