सायकलस्वाराचे शिरस्त्राण

आमच्या शेजारी सातवीत शिकणारी एक मुलगी राहते. गेल्या वाढदिवशी तिच्या वडिलांनी तिला नवी सायकल घेऊन दिली आणि सायकलीबरोबर एक निळे हेल्मेटही आणले. पहिले चार दिवस ती मोठ्या हौसेने ते घालून शाळेत गेली. पाचव्या दिवशी ते सायकलीच्या मुठीला लोंबकळताना दिसले. आठवडाभरात ते घरातील खुंटीवर गेले. "का गं, हेल्मेट कुठे आहे?" असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "काका, वर्गात कोणीच घालत नाही. मुले मला 'अंतराळवीर' म्हणून चिडवतात. शिवाय आत उकडते किती!"

अशा वेळी मुलांना हट्टी ठरवून मोकळे होणे वडीलधाऱ्यांना फार सोपे जाते. मला मात्र तिचे उत्तर खरे वाटले. उकाडा आणि संकोच ही दोन्ही कारणे काल्पनिक नव्हेत. बालमित्रांनो, जगातील निष्णात सायकलपटूंनीही एकेकाळी अशीच तक्रार केली होती. फ्रान्समध्ये 'पॅरिस ते नीस' या नावाची मोठी शर्यत दरवर्षी भरते. १९९१ साली आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने हेल्मेट सक्तीचे केले, तेव्हा या शर्यतीतील स्पर्धकांनी त्याविरुद्ध चक्क संप पुकारला. घाट चढताना डोके तापते, आणि आमच्या डोक्याचे काय करायचे ते आमचे आम्ही ठरवू, असे त्यांचे म्हणणे होते. संघटनेला माघार घ्यावी लागली. पुढे बारा वर्षांनी, २००३ च्या मार्च महिन्यात, त्याच शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह हा सायकलपटू इतरांशी टक्कर होऊन पडला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याचा अंत झाला. त्याच वर्षी सक्ती पुन्हा आली आणि ती टिकली.

हेल्मेट करते तरी काय? नारळ दगडी पायरीवर आपटला तर फुटतो. तोच गवताच्या भाऱ्यावर पडला तर अभंग राहतो. दोन्ही वेळी तो सारख्याच वेगाने खाली येतो, परंतु गवतात त्याचा वेग हळूहळू मरतो. हेल्मेटच्या आत जो पांढरा, हलका फेस बसविलेला असतो, तो या गवताचे काम करतो. आघात होताच तो स्वतः चेपतो आणि डोक्याला थांबण्यासाठी क्षणाचा अल्पसा भाग अधिक मिळवून देतो. एकदा चेपलेला फेस पुन्हा फुगत नाही; म्हणून जोराचा मार बसलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी टाकून द्यावे लागते.

परंतु त्याच्या शक्तीला मर्यादा आहे, हेही सांगितले पाहिजे. दीड मीटर उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीवर आदळते तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटर असतो. सायकलीच्या हेल्मेटची परीक्षा साधारण एवढ्याच वेगाच्या आघाताने घेतली जाते. खडीवरून चाक घसरले, खड्डा चुकला, कुत्रे आडवे आले, तर ते तुम्हांला वाचवील. भरधाव मालमोटारीपुढे त्याच्यावर भिस्त ठेवता येणार नाही.

म्हणूनच नेदरलँड्स देशाचे उदाहरण विचार करण्यासारखे आहे. तेथे माणसांपेक्षा सायकली अधिक आहेत, आणि रोज सायकलीवरून जाणारे बहुतेक लोक उघड्या डोक्यानेच जातात. ते बेफिकीर आहेत असे नव्हे. १९७० नंतरच्या दशकात रस्त्यावर दगावणाऱ्या मुलांसाठी तेथील पालक चळवळीत उतरले, आणि पुढे देशभर सायकलींचे वेगळे मार्ग बांधले गेले. याउलट ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९९० साली सर्व सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. हेल्मेट घालणारे पुष्कळ वाढले, डोक्याच्या दुखापती घटल्या. मात्र किशोरवयीन मुलांचे सायकल चालविणेही कमी झाले. ज्या उपायाने मूल सायकलच सोडून देते, तो उपाय मला अर्धाच वाटतो. म्हणून मी सक्तीच्या बाजूचा नाही.

मी पुण्यात वाढलो. पुणे तेव्हा सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. शाळा सुटली की रस्ताभर सायकलीच दिसत, आणि आमच्या डोक्यावर फार तर टोपी असे. पडलो तर गुडघे फुटत. 'आम्ही कुठे हेल्मेट घातले होते?' असे माझ्या वयाचे लोक अभिमानाने म्हणतात, तेव्हा त्या रस्त्यावर मोटारी किती थोड्या होत्या हे ते विसरतात. आज त्याच रस्त्यावर मोटारींची रांग संपत नाही. वेगळे सायकलमार्ग मागितलेच पाहिजेत. परंतु ते बांधून होईपर्यंत शाळा काही थांबणार नाही. तोवर डोके झाकावे, असे माझे मत आहे. उकाड्यासाठी भरपूर झरोके असलेले हेल्मेट निवडता येते. संकोचाचे औषध मात्र दुकानात मिळत नाही. दोघी-तिघी मैत्रिणी मिळून घालू लागल्या तरच तो ओसरतो.

हे सारे मी शेजारच्या मुलीला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "काका, तुम्ही रोज सायकलीवरून मंडईत जाता. तुमचे हेल्मेट कुठे आहे?"

मजजवळ उत्तर नव्हते. शनिवारी मी एक करड्या रंगाचे हेल्मेट विकत आणले. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटे असावी, हे मी वाचले होते. तरी घाईत ते मागे सरकवूनच घातले. फाटकापाशी तिने मला थांबविले, हेल्मेट पुढे ओढले आणि हनुवटीखालचा पट्टा आवळून दिला.