तारा त्याच, बॉयलर नवा

अग्निकाय हा एकेंद्रिय जीवांचा एक प्रकार आहे, हे जैन घरात मुलांना लहानपणीच समजते. गृहस्थाला अग्नीचा सर्वथा त्याग शक्य नसतो. म्हणूनच श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडविरतीला स्थान आहे : प्रयोजनापुरता आरंभ, त्यापलीकडे नाही. सांगली-कोल्हापूरकडच्या घरात हा विवेक चुलीपाशी पाळला जातो. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या कुटुंबाला तो भिंतीवरच्या बॉयलरपाशी पाळावा लागतो.

लेस्टर शहरातील एका मराठी जैन घराचा हा प्रसंग. डिसेंबरात तेथे दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. घराची ऊब संपूर्णपणे बॉयलरवर अवलंबून असते. त्यात नैसर्गिक वायू जळतो, पाणी तापते आणि नळांतून खोल्याखोल्यांतील रेडिएटरमध्ये फिरते. ही ज्योत केव्हा पेटावी व केव्हा विझावी, हे दिवाणखान्यातील स्मार्ट थर्मोस्टॅट ठरवतो. त्याचा आदेश बॉयलरशेजारच्या लहान पेटीपर्यंत, म्हणजे रिसीव्हरपर्यंत पोहोचतो आणि तेथून तारांनी बॉयलरमध्ये जातो.

त्या घरातील जुना बॉयलर ऐन थंडीत निकामी झाला. नोंदणीकृत गॅस अभियंत्याने नवा बसवला. ब्रिटनमध्ये वायूचे काम अशाच व्यक्तीने करावे असा कायदा आहे. थर्मोस्टॅटही नवाच घ्यावा, असे त्याने सुचवले. घरच्या मुलाला ते पटले नाही. चार वर्षांचे, उत्तम चालणारे उपकरण कचऱ्यात का टाकायचे? अपरिग्रहाच्या दृष्टीने हा विचार योग्यच होता. अभियंता गेल्यावर त्याने जुन्या जोडणीचे मोबाइलमधील छायाचित्र काढले आणि त्याच तारा त्याच क्रमाने नव्या बॉयलरला जोडण्याची तयारी केली. घर गारठत होते आणि घाई स्वाभाविक होती.

शाल पांघरून बसलेल्या आईने तेवढ्यात विचारले, “अरे, गाळण्याचे फडके दुसऱ्या घागरीवर बांधण्याआधी आपण ते उजेडात धरून बघतो ना? मग या दोन्ही यंत्रांची पुस्तके वाचलीस का?”

त्याने ती वाचली आणि हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

जुन्या बॉयलरला थर्मोस्टॅटकडून २३० व्होल्टचा प्रवाह परत येणे अपेक्षित होते. त्यासाठी रिसीव्हरच्या आत वीजपुरवठ्याची तार आणि रिलेचे सामाईक टर्मिनल यांना एका आखूड तारेने जोडलेले होते. रिले मिटला की घरातील पूर्ण दाबाची वीज बॉयलरकडे जाई. नव्या बॉयलरमधील थर्मोस्टॅटची टर्मिनले मात्र केवळ २४ व्होल्टची होती. जुनी जोडणी तशीच ठेवली असती, तर पहिल्याच आदेशाबरोबर २३० व्होल्ट त्या नाजूक टर्मिनलांवर आदळले असते. नियंत्रक पट्टिका जळाली असती, हमी संपुष्टात आली असती आणि आगीचा व विजेच्या धक्क्याचा धोका तर होताच. तारांचे रंग तेच होते, टर्मिनलांच्या जागाही सारख्याच भासत होत्या. अर्थ मात्र बदलला होता.

ती रात्र कुटुंबाने दुलया आणि लोकरी कपड्यांवर काढली. सकाळी जाणकार वीजतंत्रज्ञ आला. बॉयलर व रिसीव्हर यांना वीज देणारा, ३ अँपिअरचा फ्यूज असलेला स्विच त्याने बंद केला आणि तारांत वीज उरलेली नाही याची टेस्टरने खात्री केली. मग त्याने रिसीव्हरमधील ती आखूड तार काढून टाकली. आता रिलेची दोन टोके कोणताही विद्युतदाब न वाहता केवळ उघडझाप करणार होती. ती टोके त्याने वेगळ्या केबलने नव्या बॉयलरच्या थर्मोस्टॅट टर्मिनलांना जोडली. हिरवी-पिवळी तार भूसंपर्कासाठीच असते. तिला दुसरे काम दिले नाही.

आणखी एक गोष्ट त्याने केली, जी सहज विसरली जाते. कारखान्यातून येताना बॉयलरच्या त्या दोन टर्मिनलांमध्ये एक जोडतार बसवलेली असते. ती तशीच राहिली, तर बॉयलरला सतत ‘ऊब हवी’ असाच आदेश मिळतो. भिंतीवरचा थर्मोस्टॅट आकडे दाखवत राहतो आणि ज्योत मात्र त्याला न जुमानता पेटते. अनर्थदंडाचे याहून नेमके उदाहरण शोधावे लागणार नाही. ती जोडतारही निघाली.

काही थर्मोस्टॅट व बॉयलर ‘ओपनथर्म’ नावाच्या सामाईक पद्धतीने बोलतात. दोन्ही उपकरणांत ती सोय असेल, तर दोनच तारा पुरतात आणि त्यांची अदलाबदल झाली तरी चालते. त्यात ज्योत केवळ पेटत-विझत नाही, गरजेनुसार लहान-मोठी होते. ज्या घरी ही सोय नाही, तेथे बॉयलरमधून निघणाऱ्या पाण्याचे तापमान बेताचे ठेवावे. रेडिएटरमधून परतणारे पाणी सुमारे ५५ अंश सेल्सिअसच्या खाली असेल, तरच आजचे बॉयलर धुरातील वाफेची उष्णता नीट परत मिळवतात आणि वायूची बचत होते.

जुनी वस्तू वापरत राहणे हा संयम आहे. पण न तपासता ती नव्याला जोडणे हा प्रमाद आहे, आणि प्रमाद हेच हिंसेचे मूळ मानले गेले आहे. यत्नाचार चालण्या-बोलण्यापुरता नसतो. दोन तारा जोडतानाही त्याची गरज असते.

काम झाल्यावर मुलाने थर्मोस्टॅटचा आकडा खोलीच्या तापमानापेक्षा एक अंशाने वर नेला, बॉयलर पेटला. मग आकडा खाली आणला, ज्योत विझली. आई स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. ती म्हणाली, “पेटते ते ठीकच. सांगितल्यावर विझते ना, ते आधी बघायचे.”